मदत हवी आहे: मुंबई–गोवा विमानाने नक्की किती अंतर, किती वेळ?

आरती_ठाणे: तिकीट आज रात्रीच काढायचंय. एका साइटवर मुंबई–गोवा ३८७ किमी दिसतंय, दुसरीकडे ४२५. एकाच ठिकाणाचं अंतर दोन कसं? वेळही कुठे १ तास १० मिनिटं, कुठे १ तास २५. खरं कुठलं? मला लग्नाचा ११.४० चा मुहूर्त गाठायचाय. लवकर सांगा.

सह्याद्री७७: मुंबईत कुठून, सांताक्रूझ की नवी मुंबई? आता दोन्हीकडून विमानं आहेत.

आरती_ठाणे: सांताक्रूझहूनच. ठाणं लिहिलंय की नावात.

पेडणेकार: दोन्ही आकडे बरोबर आहेत. गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी वास्कोजवळ, दक्षिणेला, म्हणून ४२५. मोपा आमच्या पेडण्यात, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं, ते उत्तरेला, म्हणून ३८७. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. लग्न कुठे आहे ते सांगा, त्याशिवाय अंतराला काही अर्थ नाही.

डोंबिवलीकर: विमान कशाला? वंदे भारत पहाटे ५.२५ ला सीएसएमटीहून निघते, दुपारी १.१० ला मडगाव. विमानतळावर दोन तास आधी जा, तपासणी करा, परत टॅक्सी शोधा, सगळं धरलं तर फरक किती उरतो?

सह्याद्री७७: ११.४० चा मुहूर्त आहे हो! १.१० ला पोचून जेवणाच्या पंगतीला बसायचं का? आणि पावसाळी वेळापत्रकात ती गाडी आणखी उशिरा पोचते.

डोंबिवलीकर: मग आदल्या रात्रीची कोकणकन्या. सकाळी निवांत पोचाल. मी गोव्याला रेल्वेनेच जातो.

रानमेवा: ओटीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात टाकू नका. तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून नेऊ देत नाहीत.

आरती_ठाणे: ओटीचं कोणी विचारलंय? कार्य सावंतवाडीला, मामाकडे. साइटवर दोन विमानं दिसतायत, दोन्ही सकाळी दहाच्या सुमारास उतरतात. स्वस्त आहे त्याच्यापुढे जीओआय लिहिलंय.

पेडणेकार: मग स्वस्तातलं घेऊ नका! दाबोळीहून सावंतवाडी म्हणजे पणजी, म्हापसा ओलांडून दोन तास तरी धरा. दहाला उतरून सामान घेईपर्यंत साडेदहा, मुहूर्त चुकलाच. मोपाहून सावंतवाडी तीसेक किमी, तासाच्या आत पोचता.

सह्याद्री७७: वेळेचंही सांगतो. १ तास १० किंवा २५ ही विमान इथे जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर थांबेपर्यंतची वेळ, हवेत पाऊण-एक तासच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून सकाळी रांग लागते. कंपन्या ती रांग धरूनच वेळ छापतात. तुम्ही मोठा आकडा धरा, आणि मोपाचंही त्याआधीचं विमान मिळालं तर तेच घ्या.

डोंबिवलीकर: चिपीचं विमानतळ राहिलंच! सिंधुदुर्गातच आहे.

पेडणेकार: तिथे रोज त्या वेळी विमान असतंच असं नाही. मुहूर्त असताना त्याच्या भरवशावर राहू नये.

आरती_ठाणे: मोपाचं त्याआधीचं मिळालं, आठ वाजून दहाला उतरतं. काढलं. मोपाहून सावंतवाडीला टॅक्सी उतरल्यावर मिळते की आधी सांगून ठेवावी लागते?

पेडणेकार: मामांनाच गाडी पाठवायला सांगा. बांद्यावरून सरळ रस्ता आहे, त्यांच्या गाडीवाल्याला माहीत असणार.

रानमेवा: सावंतवाडीला जाताय तर चितार आळीत लाकडी खेळणी नक्की बघा.