मदत हवी आहे: डिव्हाइस ट्रीमध्ये रेग्युलेटरची मर्यादा किती घट्ट ठेवावी?

नमस्कार मंडळी,

एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८एम मिनी प्रोसेसरवर बेतलेला बोर्ड आहे, पीएमआयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) रोहमची बीडी७१८४७. लिनक्स सुरळीत बूट होतं. प्रश्न आहे तो डीटीएसमधल्या, म्हणजे बोर्डावर काय हार्डवेअर आहे ते लिनक्सला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइलमधल्या, रेग्युलेटरच्या (ठरलेलं व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटच्या) आकड्यांचा.

संदर्भ बोर्डाच्या फाइलमध्ये बक२ हा रेग्युलेटर, म्हणजे एआरएम कोअरची रेल (वीज पुरवणारी लाइन), किमान ७००००० आणि कमाल १३००००० मायक्रोव्होल्ट अशी लिहिली आहे. ही तर पीएमआयसीची अख्खी रेंज झाली! १.८ गिगाहर्ट्झलासुद्धा ओपीपी टेबल (कुठल्या वेगाला किती व्होल्ट याची यादी) १.० व्होल्टच मागतं. उद्या कुणी ओव्हरलेमध्ये (मूळ डीटीएसवर चढवायच्या जोडफाइलमध्ये) चुकीचा ओपीपी घातला तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिनतक्रार १.३ व्होल्ट सोडेल. हे बोर्ड बंद पेटीत, लांबच्या जागी बसणार आहेत, त्यामुळे मला ही धास्ती वाटते.

चाचणीसाठी मर्यादा ८५०००० ते ९५०००० केली. बूट झालं, पण लॉगमध्ये 'नॉट सपोर्टेड बाय रेग्युलेटर' असा इशारा आला आणि १.८ गिगाहर्ट्झची वेगाची पायरी गायब. आता कमाल १.० व्होल्ट ठेवू, की डेटाशीट ज्या कमाल आकड्यापर्यंत परवानगी देतं तो? आणि डीडीआरच्या बक६ला ८००००० ते १४००००० दिलंय, त्याचं काय करू? रॅम एलपीडीडीआर४ आहे.

प्रतिसाद

धास्ती अगदी रास्त आहे. पीएमआयसी किती देऊ शकते हे ड्रायव्हरला ठाऊकच असतं. डीटीएसमध्ये लिहायचं ते या बोर्डावर, या रेलला काय सोसेल तेवढंच.

पायरी गायब झाली कारण तिचं व्होल्टेज तुमच्या मर्यादेबाहेर गेलं, आणि असा ओपीपी कर्नल वापरातून काढून टाकतं. कमाल १०००००० ठेवा, डेटाशीटचा वरचा आकडा नको. तुम्ही लिहिता तो सेटपॉइंट, म्हणजे रेग्युलेटरकडे मागितलेलं व्होल्टेज. पिनवर त्यात रेग्युलेटरची अचूकता, रिपल (व्होल्टेजमधली बारीक लहर) आणि लोड बदलतानाची उसळी मिसळते. डेटाशीटने वर सोडलेली जागा त्यांच्यासाठी असते, ती सेटपॉइंटला देऊ नका.

बक६ला किमान आणि कमाल दोन्ही ११०००००, सोबत रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन (ही रेल कधी बंद करू नको अशी खूण). पण सांभाळा: दोन्ही आकडे सारखे असले की कर्नल नोंदणीच्या वेळी स्वतःहून ते व्होल्टेज सेट करतं. एसपीएलने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या छोट्या बूटलोडरने) वेगळं लावलं असेल तर चालू रॅमखालची रेल हलेल. आधी एसपीएलमधला आकडा जुळवा, मगच डीटीएस बदला. रेंज दिलेल्या रेलचं तसं नाही, व्होल्टेज मर्यादेत असेल तर कर्नल हात लावत नाही.

ज्या रेलवर कुठलाच ड्रायव्हर दावा करत नाही आणि ऑलवेज-ऑनही नाही, ती बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी कर्नल बंद करू शकतं. बोर्ड अर्ध्या मिनिटाने गोठला तर पहिला संशय तिथे घ्या. सगळा हिशेब डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल्समधल्या) रेग्युलेटर-समरीत एका नजरेत दिसतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. १.८ गिगाहर्ट्झ परत आलं, समरीत बक२ची कमाल १.० दिसते. एसपीएलमध्ये बक६ १.१ वरच आहे, मल्टिमीटरही तेच दाखवतो.

एक शंका उरली. हीच डीटीएसआय (अनेक डीटीएस मिळून वापरतात ती सामायिक फाइल) आमच्या दुसऱ्या बोर्डालाही लागते आणि त्यावर १.२ व्होल्टची डीडीआर४ आहे. म्हणजे बक६चे आकडे कॉमन फाइलमधून काढून प्रत्येक बोर्डाच्या डीटीएसमध्येच लिहावेत ना?