स्लीव्ह सर्जरीनंतर वजनाचा काटा अडकलाय, काळजीचं आहे का?

प्रश्न (सांगली): वहिनींच्या स्लीव्ह सर्जरीला (वजन घटवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढतात ती) चौथा आठवडा चालू आहे. उंची १६० सेंमी, ऑपरेशनआधी वजन ११८ किलो. १० किलो भराभर उतरले, आता आठ दिवस काटा हलत नाही. जेवण तर अर्धी वाटी. ऑपरेशन फसलं का?

आहारतज्ज्ञ, मिरज: नाही हो. सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं. ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी जातं. साठा थोडा भरला की ते परततं, म्हणून चरबी घटत असूनही काटा थांबतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे सर्रास होतं. घाबरून जेवण आणखी तोडू नका, स्नायू झिजतील. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचं बघा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी. कमरेचं मापही लिहून ठेवा.

सातारा: हिशेब आधीच मांडा. या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ म्हणजे ६४ किलो, जादा ५४. त्यातलं साधारण ६०-७० टक्के, म्हणजे ३२ ते ३८ किलो, वर्ष-दीड वर्षात जातं. ८०-८६ वर स्थिरावल्या तरी ऑपरेशन यशस्वीच. घरच्यांनी ६४ चा धोशा लावू नये.

आहारतज्ज्ञ, मिरज: अगदी बरोबर. सहा महिन्यांनी अडकलं तर मात्र भडंग, बिस्किटं तपासा. असलं पोटात थांबतच नाही, कितीही खाल्लं जातं. जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. बी१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम कायमचं घ्यायचं. वारंवार उलट्या होत असतील तर त्याच दिवशी सर्जनना गाठा, बी१ कमी पडून नसांना इजा होते.