आयर्नची गोळी तीन महिने चालू, तरी आईचा थकवा जात नाही आणि पायाला मुंग्या… बी१२ चं काही असेल का?

उन्हाळी_पाऊस:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. आई ५८ वर्षांची, अकोल्याजवळ गावी असते, मी पुण्यात नोकरीला. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्यामुळे मांस-मच्छी तर नाहीच, अंडंही नाही. दूध फक्त चहापुरतं, ताक घेते पण ते अगदी पांचट, पाणीच जास्त. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू होऊन ८ वर्षं झाली.

दिवाळीनंतर खूप दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं तर एचबी (हिमोग्लोबिन) ९.४ निघालं, डॉक्टरांनी आयर्नची गोळी दिली आणि सोबत कॅल्शियमची. तीन महिने झाले, आई एकही दिवस चुकवत नाही, सकाळी चहाबरोबर दोन्ही गोळ्या एकदम घेते. परवा पुन्हा तपासलं, ९.६. म्हणजे तीन महिन्यांत काहीच फरक नाही.

पण मला खरी भीती वेगळीच वाटतेय. मागच्या आठवड्यात गावी गेले होते. आई अंगणातून तुळशीला पाणी घालून आत आली, एका पायात चप्पल होती आणि दुसरी तिकडे वृंदावनापाशीच राहिलेली. मी म्हटलं अगं आई चप्पल कुठंय, तर तिने खाली वाकून पाहिलं तेव्हा तिला समजलं. म्हणाली, पायाला कळतच नाही गं आजकाल, मुंग्या मुंग्या असतात दिवसभर. जीभ पण लाल आणि एकदम गुळगुळीत झालीय, ठेचा तोंडात धरवत नाही तिला, आणि ही बाई आयुष्यभर ठेच्याशिवाय जेवली नाही.

घरात सगळे म्हणतात शुगरमुळे असेल, वयामुळे असेल. एका नातेवाइकांनी मल्टिव्हिटॅमिनचा डबा आणून दिलाय आणि मोबाइलवर कुठलासा मेसेज वाचून उठल्या उठल्या दोन लिटर पाणी प्यायला सांगितलंय. मी काय करू? कुणाच्या घरी असं झालंय का?

रानजाई:
तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला गं. कृपया बी१२ ची तपासणी उद्याच्या उद्या कर, पुढच्या सुट्टीची वाट बघू नकोस.

माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं. एचबी कमी म्हणून आयर्न आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं, एचबी वाढलं सुद्धा, आम्ही खूश. पण चाल बिघडत गेली. बेसिनपाशी तोंड धुताना डोळ्यावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जायचा त्यांचा, एक हात कायम नळाला धरलेला असायचा. आम्हाला वाटलं चक्कर येते. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी बी१२ तपासलं तर अगदी तळाला गेलेलं. त्यांनी सांगितलं की फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, आणि रक्त सुधारल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पण तळपायाची जाणीव पूर्ण परत आली नाही. ते एक वर्ष फुकट गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्या आईच्या आयर्नच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाच, बहुतेक गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड मिसळलेलंच असतं.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रोज स्लाइड बघतो, म्हणून एक विचारतो. रिपोर्टमध्ये एचबीच्या खाली एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू असे दोन आकडे असतील, ते टाका ना.

उन्हाळी_पाऊस:
एमसीव्ही ८८ आणि आरडीडब्ल्यू १९.५ आहे. एमसीव्ही नॉर्मल आहे ना? त्याच्यापुढे तारा नाहीये.

काचपट्टी:
हो, नॉर्मल दिसतं आणि इथेच फसगत होते.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. आयर्न कमी पडलं की पेशीत हिमोग्लोबिन नीट भरत नाही, पेशी लहान आणि फिकट होतात. बी१२ किंवा फोलेट (गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) कमी पडलं की उलटं होतं. या दोघांशिवाय पेशीला डीएनए तयार करता येत नाही, मग पेशी वाढत राहते पण तिचं विभाजन वेळेवर होत नाही, म्हणून मोठ्या मोठ्या पेशी रक्तात येतात. आता एकाच माणसात दोन्ही कमी असेल तर निम्म्या पेशी बारीक, निम्म्या मोठ्या आणि सरासरी काढली की ८८, एकदम छान! आरडीडब्ल्यू हा आकारांमधला फरक दाखवतो, म्हणजे पेशी एकसारख्या आहेत की लहानमोठ्या. साधारण १४-१५ च्या आत असायला हवा, आईंचा १९.५ आहे, म्हणजे मिसळ झालीय. अशा स्लाइडवर मी पांढऱ्या पेशी मुद्दाम शोधतो. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशीच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात, बी१२ कमी असलेल्यांत पाच, सहा भागांची पेशी सापडते, एखाद्या फुलासारखी पसरलेली. ती दिसली की मी रिपोर्टवर लिहून देतोच.

तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं) आणि बी१२ असं तीन एकत्र करा. बी१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर प्रश्नच नाही, २०० ते ३०० मध्ये आलं तर डॉक्टर होमोसिस्टीन नावाची आणखी एक रक्ततपासणी करायला सांगू शकतात. आणि एक महत्त्वाचं, तो मल्टिव्हिटॅमिनचा डबा रक्त देईपर्यंत उघडू नका, आकडा वर येतो आणि खरं काय ते झाकलं जातं.

मेटफॉर्मिनबद्दल रानजाईताईंनी लिहिलं नाही म्हणून सांगतो. ती गोळी अनेक वर्षं घेतली की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं, हे पक्कं माहीत असलेलं आहे. पण म्हणून ती मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना फक्त आठवण करून द्यायची.

जाता जाता, फोलेटचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. त्या बायकांचं जेवण काय, घर कसं, सगळं बघितलं. शेवटी यीस्टपासून बनलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त अर्काने बायका बऱ्या व्हायला लागल्या. त्यात जे काही होतं ते पुढे फोलेट निघालं. आणि गंमत म्हणजे शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क, जो दुसऱ्या एका रक्तक्षयावर चालायचा, तो या बायकांना लागू पडेना. तिथेच कळलं की दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी म्हणजे बी१२, ती १९४८ मध्ये वेगळी काढता आली. परळहून जाताना मला दर वेळी त्या गिरणीतल्या बायका आठवतात, त्यांनी दिलेल्या रक्तावर आज आपण गोळी ठरवतो.

नाचणीची_आंबील:
आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच प्रश्न येतात, म्हणून जेवणाच्या बाजूने लिहिते.

पहिलं, चहाबरोबर आयर्नची गोळी म्हणजे गोळी जवळजवळ वाया. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, ते आतड्यातून आत जात नाही. वर कॅल्शियमची गोळी त्याच घोटात, ते पण लोहाच्या आड येतं. आईंनी तीन महिने नेमाने गोळ्या घेतल्या आणि शरीरात फार थोडं गेलं, त्यांची काहीच चूक नाही, त्यांना कुणी वेळच सांगितली नाही!! गोळी देताना एक वाक्य जास्त बोललं असतं तर हे झालं नसतं. आयर्न सकाळी जेवणाआधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. पोटात जळजळ झाली तर जेवणाबरोबर चालेल. चहा त्याच्या आगेमागे तास-दीड तास नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर.

लिंबाचं एवढं का म्हणते तर भाजी, डाळ, भाकरीतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, सी व्हिटॅमिन सोबत असलं की ते विरघळलेलं राहतं आणि आत जातं. आपल्याकडे मटकीच्या उसळीवर लिंबू पिळतात ना, ते नुसतं चवीला नाही. मोड आणल्याने कडधान्यातलं फायटेटही कमी होतं, जे लोह आणि झिंक अडवून ठेवतं. शिजवून झाल्यावर वरून पिळा, उकळत्या आमटीत नको, सी उष्णतेला टिकत नाही. पेरू तर उत्तमच, त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी असतं. लोखंडी कढईत चिंच-आमसुलाची आमटी केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं, आमच्या आजीची कढई त्यामुळे पातळ झाली होती असं आई सांगते. बीटाने रक्त वाढतं हा मात्र रंगावरून झालेला समज आहे, बीटात लोह फार नसतं. अळीव घ्या, बाळंतिणीला लाडू देतात तेच, पण आईंना शुगर आहे तर गुळाचे लाडू नकोत, चमचाभर भिजवून लिंबू पिळून.

आता दुसरं आणि जास्त मोठं. बी१२ पालेभाजीत नसतं, डाळीत नसतं, भाकरीत नसतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला प्राण्यांच्या अन्नातून मिळतं, शाकाहारी माणसाला फक्त दूध, दही, ताक, पनीर. स्पिरुलिनाच्या गोळ्या बी१२ म्हणून विकतात, त्यातलं बहुतेक बी१२ शरीराला वापरताच येत नाही, पैसे घालवू नका. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही होत नाही, हळूहळू डबा रिकामा होतो. आपल्या भागात हे एकट्या-दुकट्याचं नाहीच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात दोन तृतीयांश बायकांचं बी१२ कमी होतं. शेतात राबणाऱ्या, घरचं जेवणाऱ्या बायका होत्या त्या.

रिकामा झालेला साठा दोन वाट्या दह्याने भरत नाही, त्याला औषधच लागतं. भरल्यावर टिकवायला मात्र रोज दोन कप दूध आणि वाटीभर घट्ट दही ठेवा, पांचट ताकावर भागवू नका.

वऱ्हाडी_माणूस:
ताई मी पण अकोल्याकडचाच. बाकीच्यांनी गोळ्यांचं सांगितलंच हाय, मी पाण्याचं सांगतो.

उठल्या उठल्या दोन लिटर एकदम, हे काहून करायचं? मूत्रपिंड तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते, त्याच्यावर पेलं तर रक्तातलं मीठ पातळ होते. माझ्या काकांचं झालं होतं. एप्रिलात वावरात पऱ्हाटी वेचत होते, घामानं सदरा वाळून पांढरा पडला होता, मिठाचे डाग, आणि दिवसभर नुसतं पाणीच पेत होते, जेवण नाही. संध्याकाळी वांत्या, पोटऱ्यात गोळे, बोलणं भलतंच. दवाखान्यात सोडियम कमी निघालं. पाणी पेलंच होतं की त्यानं, पण घामातून गेलेलं मीठ कुठून येणार. तेव्हापासून आमच्या घरून वावरात ताकाची कॅन जाते, मीठ-जिरं घालून, शिदोरीसोबत.

आता तुमच्या आईचं दुसऱ्या बाजूनं बघा. गावाकडच्या बाया पाणी कमीच पेतात, संडास-मोरी अंगणाच्या पल्याड असते, गुडघे दुखतात, रातच्याला उठावं लागेल म्हणून संध्याकाळपासून घोटभर पण नाही. वयानं तहान पण कमी लागते. वरून आयर्नच्या गोळीनं पोट घट्ट होते, पाणी नसलं तर अजूनच. मग बाई गुपचूप गोळी सोडते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, तर थोडं थोडं करून दिवसाउजेडीच पाणी संपवायचं, जवळ तांब्या ठेवायचा. लघवी फिकट पिवळी असली की बस. बीपीची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असली तर मीठ आणि पाणी दोन्ही डॉक्टरला विचारून, ताई.

उन्हाळी_पाऊस:
रिपोर्ट आले. बी१२ ११२ आणि फेरिटिन ७. दोन्ही कमी, काचपट्टी दादा तुम्ही म्हणालात तसंच. डॉक्टरांना मेटफॉर्मिनची आठवण केली, ते म्हणाले बरं झालं सांगितलंत, बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली, आधी एक दिवसाआड मग आठवड्याला, आणि पुढे कायम गोळी. आयर्न चालूच.

पण आता नवीनच अडचण झाली. तिसऱ्या इंजेक्शनच्या आधी आई अडून बसली. शेजारच्या काकूंनी सांगितलं की हे बी१२ मांसातलं असतं, माळ बाटेल. आई रडवेली झाली होती फोनवर, म्हणाली पाय गेले तरी चालतील पण चाळीस वर्षांची माळ… मला काय बोलावं सुचेना. ती अडाणी नाहीये हो, तिच्यासाठी ती गोष्ट खरंच तेवढी मोठी आहे.

नाचणीची_आंबील:
आईंना माझ्याकडून सांगा, औषधातलं बी१२ मांसातून काढत नाहीत. मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून त्यांच्याकडून तयार करून घेतात, दही विरजतो ना तसलाच प्रकार. प्रश्न येतो तो कॅप्सूलचा, कारण बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरापासून होतं. त्यामुळे पुढे कायमचं घ्यायची वेळ येईल तेव्हा कॅप्सूल नको, साधी दाबलेली गोळी लिहून द्या असं डॉक्टरांना आधीच सांगा, आणि गोळीत बाकी काय मिसळलंय तेही दुकानात विचारून घ्या. अशी शंका माळकरी पेशंट मला नेहमी विचारतात, विचारायलाच हवी.

उन्हाळी_पाऊस:
दह्याचं सांगितलं आणि आईला ते एकदम पटलं. आत्ता भावाचा फोन होता, तिसरं इंजेक्शन झालं. चहा आता चार वाजता, आयर्न सकाळी लिंबूपाण्यासोबत, आणि तुळशीपाशी तांब्याऐवजी कळशी भरून ठेवलीय, येता-जाता पिते म्हणे. चप्पल मात्र मी बदलून दिली, मागे पट्टा असलेली, पाय कळायला लागेपर्यंत तीच घालेल.