कादंबरीने कितव्या पानावर धरलं, कितव्या पानावर सोडलं?

'अप्रतिम' आणि 'निःशब्द' हे दोन शब्द इथे बाद. पंचविशीच्या आतल्यांनी एवढंच सांगायचं: कादंबरी कुठली, आणि तिने नेमकं कुठे पकडलं किंवा ती कुठे सुटली. भुताची असो की पौराणिक, सगळं चालेल. सुरुवात मीच करते.

वय २२
अकरावीत 'कोसला' घेतली ती सगळे म्हणतात म्हणून. जिकडेतिकडे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. डोकं उठलं, चाळीसेक पानांत बंद. पुढे हॉस्टेलला गेले. खोलीत आम्ही चौघी आणि कुणाशीच बोलावंसं वाटेना, तेव्हा पुन्हा काढली. तेच 'वगैरे' आता वेगळं ऐकू आलं. नीट सांगितलं तर दुखेल म्हणून नायक पांडुरंग ते मध्येच सोडून देतोय, असं वाटलं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं जिन्यात बसून वाचली, खोलीत वाचवेनात. १९६३ साली ही आली तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीतले होते, हे नंतर समजलं आणि जरा पोटात दुखलंच.

वय १७
माझी रहस्यकथा. अगाथा ख्रिस्तीची १९२६ ची, रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची. ग्रंथालयाच्या प्रतीत कुणा पुण्यवंताने खुन्याच्या नावाखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारून बाजूला 'हाच!' लिहिलं होतं. तेही सुरुवातीलाच. शिव्या घालत वाचत राहिलो आणि मजा उलट वाढली. बाई सगळं डोळ्यांसमोर ठेवतात आणि तरी फसवतात. हातचलाखी कुठे होते ते प्रत्येक पानावर पकडत बसलो. रहस्यकथा एकदाच वाचायची असते म्हणणाऱ्यांनी ही दुसऱ्यांदा वाचावी.

वय २०
नववीत 'मृत्युंजय'मध्ये कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तिथे रडले होते. यंदा परत घेतली तर उपमांतच रुतले. सहा जण आपापली बाजू सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा धाकटा भाऊ शोण, श्रीकृष्ण. कल्पना भारीच, पण सगळे एकाच थाटात बोलतात. शोणाला तरी साधं बोलू द्यायचं की!

वय १९
ताई, नाही पटलं. आजीला दिसत नाही, म्हणून मी तिला रोज दहा पानं मोठ्याने वाचून दाखवायचो. डोळ्यांना जड वाटणारं वाक्य तोंडात आलं की बरोबर तोललेलं निघतं. आणि शोणाचा भाग सुरू झाला की दोन ओळींत आजी म्हणायची, "धाकटा आला." तिला कळायचं.

वय २०
आजींपुढे माघार. अर्धीच.

वय १८
मी फक्त फँटसी वाचते. सुरुवातीला नकाशा नसेल तर पुस्तक खाली ठेवते. 'हे काही खरं वाचन नाही' असं शाळेत ऐकून झालंय. बरं.

वय २१
भीती वाटावी म्हणून 'फ्रँकनस्टाईन' घेतली. पहिली काही पानं नुसती पत्रं आणि बर्फ. सोडणारच होतो, एवढ्यात तो राक्षस स्वतः बोलायला लागला. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून लपून राहतो, फटीतून त्यांना बघत बघत भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. भीती राहिली बाजूला, मला त्याचीच काळजी लागली. फ्रँकनस्टाईन हे त्याचं नाव नाहीच, बनवणाऱ्याचं आहे. त्याला नावच दिलेलं नाही. मेरी शेली लिहायला बसली तेव्हा १८ वर्षांची होती आणि १८१८ ची पहिली आवृत्ती लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. माणूस आणि पुस्तक दोघेही बिननावाचे!

वय २४
जाडजूड पुस्तकांना घाबरणाऱ्यांसाठी: विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. एका बैठकीत होते. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, आणि प्रवासापुरतं टिकणारं प्रेम. प्रेमकथा म्हणून दिली तर फसवणूक, युद्धकथा म्हणून दिली तरीही. मी रात्री अकराला सुरू केली, संपल्यावर दिवा घालवायचं सुचलं नाही.

वय १७
परत मीच. 'रणांगण' मिळाली. ह्याही प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, म्हणून शेवटची पानं रबरबँडने बांधून ठेवलीत. उद्या रसायनशास्त्राचा पेपर आहे. नायिका हॅर्टा आत्ताच आलीय.