भांडण मिटवण्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात वेळ कोठून काढावा?

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी)
गेल्या आठवड्यात आमच्या वर्गातील एका मुलाने रागाच्या भरात शेजारच्या मुलाची विज्ञानाची वही फाडली. त्याला वर्गाबाहेर उभे न करता मी दोघांना समोरासमोर बसवले आणि काय घडले, कोणाला त्रास झाला, तो आता कसा भरून काढायचा, असे विचारू लागले. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येण्याआधीच घंटा झाली आणि ते बोलणे आजतागायत अर्धवट आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेत अभ्यासक्रम सांभाळून हे कसे जमवावे?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक)
परिपाठातून आठवड्यातील एक दिवस मागून घ्या. त्या दिवशी सुविचार आणि बातम्यांऐवजी मुलांना गोलात बसवा व प्रत्येकाला एक वाक्य बोलू द्या. मुलांना एकमेकांचे ऐकण्याची सवय नसेल, तर भांडणानंतर ती अचानक कोठून येणार?

उत्तर (शालेय समुपदेशक)
सरांचे म्हणणे सवयीपुरते योग्य आहे, मात्र वही फाडल्याचा विषय परिपाठात मुळीच काढू नये. सर्वांसमोर मान खाली घालायला लावणे हीदेखील शिक्षाच आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मारूचीडोर येथील शाळेत १९९४ साली तुम्ही घेतली तशी समोरासमोरची बैठक झाली, तेव्हापासून ही पद्धत अनेक देशांतील शाळांत रुजली. तिचे मर्म पूर्वतयारीत आहे. दोन्ही मुलांशी आधी वेगवेगळे बोलून घेतले, तर प्रत्यक्ष बैठक लांबत नाही. घाईघाईने वदवून घेतलेल्या ‘सॉरी’ने ज्याची वही फाटली त्याचे दुःख तसेच राहते, म्हणून वेळ नसेल तर बैठक पुढे ढकलावी, पण उरकू नये.

उत्तर (माध्यमिक शिक्षक)
याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास पूर्वतयारीसह धरले आहेत. हे काम त्या तासांत मोजले जावे, शिक्षकाच्या मधल्या सुट्टीतून कापले जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. मुख्याध्यापकांकडे एका तासिकेसाठी बदली शिक्षक मागा.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
मनापासून आभार. दोघांशी वेगवेगळे बोलले. ज्याने वही फाडली तो म्हणाला, “बाई, चिकटपट्टीने जोडली तर आकृत्या दिसत नाहीत, मी त्या परत काढून देतो.” शुक्रवारच्या पाचव्या तासिकेसाठी बदली शिक्षक मिळाले आहेत, त्या वेळी हे त्याने स्वतः मित्राला सांगायचे ठरले आहे.