प्रतिसाद: तक्ता, पट्ट्या आणि कोकणातला पाऊस

दवाखान्यातल्या सहायकाच्या कामावरच्या या चर्चेत वर एकाने लिहिलंय, ‘डोळ्यांचा तक्ता वाचून घ्यायचा, त्यात शिकायचं काय?’ गुहागरकडे एका छोट्या दवाखान्यात सहायक म्हणून लागले तेव्हा मलाही असंच वाटायचं. खोली दहा फुटांची, तक्ता ६ मीटरवरून वाचायचा, तोही समोरच्या भिंतीवर. येईल तो ६/६, म्हणजे नजर ठणठणीत! नव्या डॉक्टरबाईंनी समोर आरसा लावला आणि उलट्या अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगला. आरशापर्यंत तीन मीटर, परत तक्त्यापर्यंत तीन, सहा भरले.

६/१२ म्हणजे, धडधाकट डोळ्याला जी ओळ १२ मीटरवरून दिसते ती या पेशंटला ६ वरून दिसते. डोळा झाकायला बोटं नकोत, तळहात घ्या, तोही न दाबता. बोटांच्या फटीतून आमचे आजोबालोक खुशाल वाचतात, वर ‘दिसतंय की गो बाय!’ असं ऐकवतात. वाचता येत नसेल त्यांना इंग्रजी ‘ई’चा तक्ता, टोकं कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं.

लघवी तपासायच्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. जुलैत इथे मीठसुद्धा पाझरतं, तिथे दमटपणाने बिघडणाऱ्या पट्ट्यांची काय कथा! एक काढली की झाकण लगेच घट्ट, आणि रंग बघायचा तो घड्याळ लावून.

रक्ताच्या नळ्या कुठल्या क्रमाने भरायच्या ते विचारलंत, तर झाकणाच्या रंगाने सांगते: आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, नंतर जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) चुकून लाल नळीत गेलं तर तपासणीत पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं. आणि नळी हलकेच उलटसुलट करा, सोलकढीसारखी घुसळू नका.