राम्स्टाइनचा पहिला अल्बम स्वीडनमध्ये का?

प्रश्न: दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी रात्री कपाशीला पाणी देताना मी राम्स्टाइनचा पहिला अल्बम ‘हेर्झेलाइड’ ऐकतो. बर्लिनच्या या रॉक बँडने हा अल्बम स्टॉकहोमला का ध्वनिमुद्रित केला असावा?

उत्तर १: भाऊ, क्लॉफिंगर या बँडसाठी याकोब हेलनर यांनी घडवलेला ध्वनी राम्स्टाइनला भावला होता, म्हणून त्या स्वीडिश निर्मात्याकडे ही सहा जणांची मंडळी गेली आणि अब्बा या स्वीडिश पॉप गटाच्या मंडळींनी उभारलेल्या स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत काम झाले. ध्वनिमिश्रण मात्र हॅम्बुर्गमध्ये रोनाल्ड प्रेंट यांनी केले. अल्बम सप्टेंबर १९९५ मध्ये आला.

उत्तर २: राम्स्टाइनचे गायक टिल लिंडेमान आधी ड्रमवादक होते, हे ध्यानात ठेवून ऐका. प्रत्येक शब्द ठोक्यावर पडतो, ‘र’ जिभेवर घोळतो आणि गिटार जिनिंगच्या यंत्रासारखी एका लयीत चालते. मला तरी हाच त्याचा प्राण वाटतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आज रात्री हेडफोन लावून केवळ ठोकेच ऐकेन.